दोन्ही बाजूंचा कठडा

मीराबाई दुर्गे यांनी साठीला टेकेपर्यंत हातात करवत धरली नव्हती. घरात करवती होत्या. रंधे होते, पटाश्या होत्या, भोक पाडायचं गिरमिट होतं. पण ते सगळं नवऱ्याच्या पेटीत, आणि त्या पेटीला वामनरावांशिवाय कोणी हात लावायचा नाही असा घरचा नियम होता. वामनराव सुतार. गोंडपिपरीहून धाब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाव, आणि त्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची दारं त्यांच्या हातची. मीराबाई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. चूल बाईची आणि लाकूड बाप्याचं, अशी वाटणी लग्नापासून चालत आलेली. ती बदलायची गरज दोघांनाही कधी वाटली नव्हती.

मार्चमधल्या एका सकाळी वामनराव एका नव्या घराची खिडकी बसवत होते. उजव्या हातातून रंधा गळून पडला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून पुन्हा उजव्यात दिला. पुन्हा पडला. मग ते स्वतःच पडले. घरमालकाने जीपमध्ये घालून त्यांना चंद्रपूरला नेलं आणि जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत टाकावा लागू लागला आणि बोलणं गेलं.

अगदीच गेलं असं नाही. "हो", "नाई" आणि "हट" एवढे शब्द शिल्लक राहिले. त्यातला "हट" सगळ्यात स्वच्छ यायचा, म्हणून तोच जास्त वापरात. जेवण नको असलं की हट. पाणी हवं असलं तरी हट. भेटायला कोणी आलं की भिंतीकडे तोंड फिरवायचं आणि हट. हळूहळू लोक यायचे थांबले.

त्यांची एकुलती मुलगी संघप्रिया नागपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. ती रजा काढून येऊन राहिली. कूस कशी बदलायची, हाताला व्यायाम कसा द्यायचा, सगळं तिने आईला शिकवलं. निघताना म्हणाली, "आई, बाबाले खाटेवर पडू देऊ नको. रोज थोडं थोडं चालव. नाई चालले तर पाय कायमचा जाईल."

सांगणं सोपं होतं. त्या घरात चालणं सोपं नव्हतं. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागच्या दाराला वीतभर उंच उंबरा. उंबऱ्याखाली दोन पायऱ्या, मग घरामागची वाडी, आणि वाडीच्या पार शेवटी संडास. रस्ता साध्या मातीचा, उंचसखल. मीराबाई नवऱ्याचा डावा हात स्वतःच्या खांद्यावर घेऊन त्यांना तिथवर न्यायच्या. वामनराव अंगाने भरलेले. वाटेत दोघंही दोनदा थांबायचे.

मग मीराबाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. सकाळचा चहा अर्धा उरू लागला होता. भाकरी चतकोरावर आली होती. रात्री तांब्या भरून उशाशी ठेवला की सकाळी तसाच भरलेला सापडायचा. आधी त्यांना वाटलं, दुखण्याने भूक मेली असेल. एक दिवस आवडीचं वांग्याचं भरीत केलं. वामनरावांनी ताटलीकडे कितीतरी वेळ पाहिलं, दोन घास खाल्ले आणि ताटली सरकवली. तेव्हा त्यांना उमजलं. भूक होती. बायकोच्या खांद्यावर पडून संडासला जायला नको, म्हणून हा माणूस खाणंपिणं मारत होता.

त्या दिवशी मीराबाई मागच्या दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. दारापासून संडासापर्यंत धरायला काहीतरी हवं. जिन्याला असतो तसा कठडा. धरून त्यांचे ते जातील.

शेजारचे भैयाजी धानाचे शेतकरी. त्यांच्या बांधावर बांबूचं बेट आहे. मीराबाईंनी त्यांच्याकडे बांबू मागितले. भैयाजींनी तोडून आणूनच दिले आणि म्हणाले, "वयनी, एखाद्या मिस्त्रीले सांगतो. तुमी कायले तरास घेता?"

मिस्त्री "उद्या येतो" म्हणाला. लग्नसराईचे दिवस, मांडवांची कामं जोरात. त्याचा उद्या काही उजाडला नाही. शेवटी मीराबाईंनी स्वतःच खड्डे खणले. पेटी उघडायची हिंमत झाली नाही, म्हणून खलबत्त्याच्या बत्त्याने खिळे ठोकले. उभे बांबू, त्यांवर आडवा बांबू, जोडाला दोन दोन खिळे. काम दिसायला छान झालं. वामनराव दारातल्या खाटेवरून बघत होते. ते म्हणाले, "हट." मग पुन्हा, "हट, हट!"

"हट तं हट," मीराबाई म्हणाल्या. "उद्या याच्यावरच चालान तुमी."

दुसऱ्या दिवशी वामनराव खरंच चालले. चार पावलं नीट पडली. पाचव्याला त्यांनी अंगाचा भार कठड्यावर टाकला आणि खिळ्यापाशी बांबू उभा चिरला. ते तोंडावर पडले. कपाळ दगडावर आपटलं. भैयाजींच्या मोटरसायकलवर मध्ये बसवून त्यांना गोंडपिपरीला न्यावं लागलं. टाके पडले.

संघप्रिया रातोरात निघून सकाळी घरी पोचली. बापाच्या कपाळावरची पट्टी पाहून तिचा बांध फुटला.

"तू काऊन असले उद्योग करतं आई? आता बस झालं. नागपूरले चला दोघंही. माझी खोली लहान हाय, पण लिफ्ट हाय, घरातच संडास हाय."

"आन् वाडी? घर?"

"घर कुठी पळून चाललं? बाबा पुन्हा पडले आन् खुबा मोडला तं काय करशील?"

 पडले ते मीराबाईंच्याच हातच्या कठड्याने पडले होते.  उत्तर खाटेवरून आलं.

"नाई," वामनराव म्हणाले.

संघप्रिया बापाजवळ जाऊन बसली. "बाबा, मी तुमच्या भल्याचंच सांगून राह्यली."

"नाई," ते पुन्हा म्हणाले आणि डाव्या हाताने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. शेवटी असं ठरलं, की दिवाळीपर्यंत बघायचं. तोवर घरात चालण्याफिरण्यासारखं झालं तर ठीक, नाहीतर नागपूर. संघप्रियाने जाण्याआधी एकच सांगितलं. कठडा पुन्हा करायचाच असेल, तर बाबा उभे असताना त्यांचं मनगट जिथे येतं, तेवढ्याच उंचीला करायचा. त्याहून उंच झाला तर खांदा दुखतो, खाली झाला तर माणूस वाकतो.

ती गेली त्या दुपारी वामनरावांनी काठीने पेटी ठोकली. मीराबाईंना वाटलं, काठी चुकून लागली. त्यांनी पुन्हा ठोकली. मीराबाईंनी पेटी ओढून खाटेजवळ आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं झाकण उघडलं. आत तेलाचा आणि सागाच्या भुशाचा वास कोंडलेला होता.

वामनरावांनी चिरलेला बांबू मागून घेतला. खिळा जिथून गेला होता तिथे बोट ठेवलं आणि चीर कुठवर पळाली आहे ते बोटानेच दाखवत नेलं. मग मान हलवली. "नाई." पेटीतून गिरमिट काढून मीराबाईंच्या हातात दिलं. बांबूला खिळा मारायचा नसतो, आधी भोक पाडायचं असतं, आणि तेही गाठीच्या जवळ, जिथे बांबू घट्ट असतो. हे सगळं त्यांनी एका शब्दावाचून समजावलं. आदल्या वेळचा तो "हट, हट" कशासाठी होता, ते मीराबाईंना आता कळलं. त्या म्हणाल्या, "तवाच नीट सांगतलं असतं तं!" आणि लगेच जीभ चावली.

पुढचे काही आठवडे त्या घरात जी शिकवणी चालली, तिला गोड म्हणता येणार नाही. मीराबाई करवत जोर लावून ढकलायच्या, ती लाकडात अडकायची. वामनराव खाटेवरून हट म्हणायचे. त्या पुन्हा ढकलायच्या, पुन्हा हट. एकदा त्यांनी करवत फेकूनच दिली. "मी काई तुमच्या हाताखालची पोट्टी नाई! नाई येत मले!" म्हणून चुलीपाशी जाऊन बसल्या. थोड्या वेळाने मागून पाय ओढल्याचा आवाज आला. वामनराव भिंत धरून, उंबऱ्यापाशी बसत, सरकत, करवत खांद्याला अडकवून आले होते. त्यांनी ती मीराबाईंच्या हातात दिली, वरून स्वतःचा डावा हात ठेवला आणि चुलीतल्याच एका लाकडावर दोघांच्या हातांनी ती चालवून दाखवली. ढकलताना जोर नाही, ओढतानाही फार नाही. करवतीचं वजन करवतीलाच पेलू द्यायचं. लाकूड सरळ कापलं गेलं. मीराबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "असं सांगा नं मंग."

या वेळी खांब बांबूचे नव्हते. बांबू मातीत गेला की उधई, म्हणजे वाळवी, लागते. घरामागे जुन्या चौकटींचे तुकडे पडून होते, त्यांचे खांब केले. मातीत जाणाऱ्या टोकांना ट्रॅक्टरचं जळकं ऑइल दोन हात लावून उन्हात वाळवलं. ऑइल भैयाजींनी आणून दिलं. खड्डे हातभराहून खोल घेतले, तळाला दगड, मग खांब, मग मुरूम टाकून पहारीने ठासला. आडवे बांबू भोकं पाडून नटबोल्टने आवळले. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून हात धरायच्या जागी घट्ट गुंडाळल्या, म्हणजे ओल्या हातानेही पकड सुटणार नाही. पायऱ्यांवर मुरूम आणि थोडं सिमेंट टाकून उतार केला. ते ओलं असताना वामनरावांनी खराट्याकडे बोट दाखवलं. मीराबाईंनी उतारावर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या. पाय घसरू नये म्हणून. संडासात एका जुन्या लाकडी खुर्चीची बैठक मध्ये कापून ठेवली आणि तिच्या पायांना खालून रबर ठोकलं.

काम पुरं झालं त्या दिवशी मीराबाईंनी पूर्ण कठड्याला आधी स्वतः लोंबकळून पाहिलं. भैयाजींनाही लोंबकळायला लावलं. मग वामनराव निघाले. डाव्या हाताने कठडा धरून, उजवा पाय ओढत, उतारावरून खाली, वांग्यांच्या वाफ्याशेजारून, थेट संडासापर्यंत. कोणाचा हात न धरता. मीराबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. 

दार लागलं. काही वेळाने उघडलं. वामनराव बाहेर आले, घराकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथेच थांबले.

कठडा त्यांच्या उजव्या बाजूला होता. उजव्या हाताने तो धरता येणार नव्हता. डावीकडे नुसती हवा.

जाताना डावीकडे असलेली वस्तू येताना उजवीकडे येते, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. वामनरावांनी आयुष्यभर डावी-उजवी मोजून दारं बसवली होती. आणि ते आता वाडीच्या टोकाला अडकून उभे होते. त्यांनी एकदा कठड्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग अगदी शांतपणे म्हणाले, "हट."

मीराबाईंना हसू आलं. आवरेना. त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि पदर तोंडात धरून हसत राहिल्या. वामनरावांचं तोंड एका बाजूने हललं. मग खांदे हलले. मार्चपासून पहिल्यांदाच ते हसत होते, वाकडं, अर्ध्या तोंडाने, पण आवाज काढून. कुंपणापलीकडून भैयाजी धावत आले. त्यांना वाटलं, घरात कोणी रडून राहिलंय.

दुसऱ्या बाजूचा कठडा त्यानंतर उभा राहिला. तो लवकर झाला, कारण मीराबाईंचा हात बसला होता. आणि त्यानंतर चहाचा कप रिकामा परत येऊ लागला.  मीराबाई भाकऱ्या जास्त थापू लागल्या.

एकदा सवय लागली की घरात खुपणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. वामनरावांना हाक मारता यायची नाही, म्हणून गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटा स्वयंपाकघरात टांगून तिची दोरी खाटेपर्यंत आणली. एका हाताने भाजी चिरता यायची नाही, म्हणून मीराबाईंनी एका फळीतून खालून वर दोन लांब खिळे काढले. वांगं त्या खिळ्यांवर खोचलं की हलत नाही, एका हाताने सुरीने कापता येतं. ही कल्पना पूर्णपणे त्यांची. जन्मात कधी भाजी न चिरलेले वामनराव ती फळी घेऊन तासन्‌तास बसायचे आणि सुताराच्या मापाने एकसारख्या फोडी करायचे. भाजीला उशीर व्हायचा. वाकता येत नाही म्हणून एक निळा प्लास्टिकचा ड्रम उभा कापून दोन अर्धे केले, तळाला भोकं पाडली आणि विटांच्या ओट्यावर ठेवून त्यांत माती भरली. खुर्चीवर बसल्या बसल्या हात पोचेल एवढ्या उंचीवर. एकात सांबार पेरला, म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर. दुसऱ्यात पालक. पालकाचं पहिलं पीक वानरांनी नेलं. त्यावर मग जुनं मासळीचं जाळं आलं.

दिवाळीच्या सुट्टीत संघप्रिया आली तेव्हा बाप घरात नव्हता. तिने घाबरून हाक मारली. मीराबाईंनी पिठाच्या हाताने मागे खूण केली. वामनराव ड्रमापाशी बसून सांबार खुडत होते. लेकीला बघून ते उठले, कठडा धरला आणि चालत आले. उतार चढून, उंबऱ्याशी पकडायला ठोकलेला लाकडाचा कान धरून घरात.  संघप्रियाने फोन काढला आणि म्हणाली, "बाबा, एक बार पुन्हा चाला. माझ्या वॉर्डातल्या बायांले दाखवतो." नागपूरचा विषय कोणी काढला नाही.

तरीही एक गोष्ट उरली होती. वामनराव अंगणाचं फाटक ओलांडत नसत. घराच्या मागे हिंडायचे, पण पुढे ओसरीत कोणी आलं की आत जाऊन भिंतीकडे तोंड करायचे. गावाने आपल्याला असं बघू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि मीराबाईंनी ते जाणून सोडून दिलं होतं.

थंडीत शेजारच्या गावची नंदिनी आली. तिच्या सासूबाईंचा, सुगंधाबाईंचा, पडून खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं होतं, पण म्हातारीला खाटेवर उठून बसता येत नव्हतं, प्रत्येक वेळी दोघांनी उचलावं लागायचं. नंदिनीने भैयाजींकडून कठड्याचं ऐकलं होतं. "बाई, आमच्या घरी येऊन पाहता का जरा?"

"मले एकटीले नाई जमत," मीराबाई म्हणाल्या. "डोकं यायचं हाय." त्यांनी आत नवऱ्याकडे पाहिलं. वामनराव भिंतीकडे तोंड करून होते.

मीराबाई एकट्याच गेल्या आणि गोंधळून परत आल्या. त्या घराच्या भिंती मातीच्या, स्क्रू धरणार नाहीत. खाली फरशी, खणता येणार नाही. संध्याकाळी त्यांनी कोळशाने ओसरीवर त्या खोलीचं चित्र काढलं. "इथी खाट. इथी दार. भित अशी."

वामनरावांनी चित्र पाहिलं. वर बोट केलं.

"वरतं? वरतं तं कवेलूचं छप्पर हाय."

"नाई." बोट तसंच वर.

"लाकडं हायत, मोठे. कसले ते मी नाई पाहिलं."

वामनरावांनी कोळशाचं चित्र पायाने पुसून टाकलं. रात्री ते नीट झोपले नाहीत. सकाळी चहा झाल्यावर त्यांनी सदरा मागितला, काठी घेतली आणि मीराबाई बघत असताना फाटकापर्यंत चालत जाऊन उभे राहिले. छताला कोणतं लाकूड आहे हे न बघता आलेल्या बाईवर काम सोडायची त्यांची तयारी नव्हती.

भैयाजींनी ऑटो बोलावला. चौकात चहाच्या टपरीवर बसलेले लोक वळून बघू लागले. कोणीतरी ओरडलं, "अरे, वामनभाऊ हायत!" वामनरावांनी मान वळवली नाही. पण ऑटो पुढे गेल्यावर त्यांनी डावा हात बाहेर काढून एकदा वर केला.

नंदिनीच्या घरी त्यांनी खोलीत शिरताच वर पाहिलं. खाटेच्या बरोबर वरून येनाचं जाड मयाल, म्हणजे ऐनाच्या लाकडाची तुळई, गेलं होतं, पन्नास माणसं लोंबली तरी हलणार नाही असं. काम सोपं निघालं. मयालाला जाड दोर बांधला, त्याला वीतवीत अंतरावर गाठी मारल्या आणि शेवटी पकडायला लाकडाचा आडवा दांडा लावला. दोर बांधायला मीराबाई स्टुलावर चढल्या. खालून वामनराव गाठ बघत होते. एक त्यांनी सोडायला लावली.

सुगंधाबाईंनी दांडा धरला, मग पहिली गाठ, मग वरची. कण्हत, थांबत, त्या उठून बसल्या. बसल्यावर त्यांनी पदर नीट केला आणि समोरच्या माणसाकडे निरखून पाहिलं. त्यांना कमी दिसायचं.

"तू कोन व्हय बापू? काय करतं?"

मीराबाई उत्तर द्यायला पुढे झाल्या. वामनरावांनी हात आडवा केला. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. 

"सु," ते म्हणाले. "सुतार."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. "नंदिनी, चाय ठेव यायच्यासाठी."

वर्ष होऊन गेलं या गोष्टीला. उजवा हात परत आला नाही, येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. शब्द मात्र वाढलेत, "मीरा" त्यांतला एक आहे. दोघं अधूनमधून कोणाच्या ना कोणाच्या घरी बोलावणं आलं की जातात, कुठे उतार करून देतात, कुठे कठडा. आता कोणी सांगायची गरज पडत नाही, तो दोन्ही बाजूंना होतो. सध्या घरामागे कोंबड्यांचं खुराडं उभं राहतंय. रानमांजर येतं म्हणून ते जमिनीपासून कमरेएवढं उंच घेतलंय. खांब रोवून झालेत, वरचा पत्राही आला. दार घराच्या बाजूने उघडावं की वाडीच्या बाजूने, यावर मात्र दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.